सर्व्हरची वायर
सोल्डरिंगचा धूर नाकात गेला की बासरच्या कॉलेजातली लॅब आठवते. कापसाच्या गंजीतली उष्णता कळवणारे आमचे तीन चिमुकले बोर्ड होते: विचारणारा, सांगणारा सर्व्हर आणि मधला. मधल्यानं आलेलं उत्तर जपून ठेवावं, हा प्रोजेक्टमधल्या माझ्या मैत्रिणीचा हट्ट. मी तिला हसलो होतो. परीक्षकांसमोर पहिलं उत्तर आलं, तेवढ्यात माझ्या पायात अडकून सर्व्हरची वायर निघाली. तिनं शांतपणे विचारणाऱ्या बोर्डावरून तेच पुन्हा विचारलं आणि मधल्यानं जपलेलं उत्तर दिलं! परीक्षक चकित. ती म्हणाली, “सर, आमी गावात विरजण मागतो ना, तसं. अमक्याच्याच घरचं पायजे म्हणत नाई. ज्याच्यापाशी असन तो देते.” आता मी हेच शिकवतो. पोरांच्या बोर्डावर पहिलं उत्तर आलं की सर्व्हरची वायर मीच ओढतो.