बिनआवाजाची गाडी

सरकारी खातं आणि गाड्या बनवणारी एक कंपनी, या दोघांनी मिळून माझ्या बायकोला फसवलं. मला नाही. माझे पैसे मला परत मिळाले, वेळेवर मिळाले, आणि अकोल्याच्या कचेरीत ते देताना मला चहासुद्धा पाजला. म्हणूनच माझा राग लोकांना समजत नाही. "भाऊ, पैसा वापस भेटला ना, मंग आता काहून भांडून राहिले?" असं बाजारात कोणी ना कोणी विचारतंच. भाव करण्यात माझ्यापुढे कोणी टिकत नाही हे अमरावतीच्या फूलबाजारात सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे मी अजून काहीतरी उकळायला बघतोय असंच त्यांना वाटतं.

पैशाचा विषय संपला आहे. विषय माझ्या बायकोच्या उजव्या कानाचा आहे.

तिचा डावा कान लग्नानंतर काही वर्षांनी टायफॉइडमध्ये गेला. उजव्या कानानं ऐकू येतं, पण जवळून, आणि आजूबाजूला गलका नसेल तरच. कानात घालायचं यंत्र घेऊन दिलं होतं. ते घातलं की भांडी, पंखा, मिक्सर सगळंच मोठं होतं आणि माणसाचा आवाज त्यात सापडत नाही, म्हणून ते कपाटात पडून असतं. तिच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं. आमचं घर मुलं, सुना, नातवंडं यांनी भरलेलं. अशा घरात ओरडून काय बोलणार? जेवण झालं का, लाइट गेली, पाहुणे आले. नवऱ्यानं बायकोला सांगायचं जे असतं ते ओरडून सांगता येत नाही. सांगितलं तर सून ओट्याशी तोंड फिरवून हसते आणि दुसऱ्या दिवशी शेजारीण चौकशी करते. कितीतरी वर्षं आम्ही दोघांनी असाच, नुसत्या सूचनांवर, संसार केला.

मी अकोल्यात देवळाबाहेर टोपलीत हार विकत होतो. त्यानंतर हातगाडी झाली, मग वाट्यानं केलेलं बटईचं वावर, मग स्वतःचं. बायको टोपलीपासून सोबत आहे. आमचं गाव अमरावतीहून निघालं की मूर्तिजापूरच्या अलीकडे लागतं. पहाटे झेंडू, शेवंती, गुलछडी तोडायची, तीनचाकीत भरायची आणि दोघांनी अमरावतीला न्यायची. सणाला अकोल्याला. फुलं ती निवडते, भाव मी करतो. डिझेलच्या गाडीचं इंजिन बरोबर आमच्या बुडाखाली. गाडी सुरू झाली की ती पदर कानांवरून घट्ट बांधून घ्यायची आणि बाजार येईपर्यंत रस्त्याकडे बघत बसायची. मी गाडी चालवायचो. माझ्या मनात काय आहे ते तिला माहीत नसायचं, तिच्या मनातलं मला नसायचं.

मग विजेच्या गाड्यांची योजना आली. फूलवाल्यांना आणि भाजीवाल्यांना अमरावतीला बोलावलं. मांडव, खुर्च्या, बॅनरवर एकीकडे सरकारचं चिन्ह, दुसरीकडे कंपनीचं, मध्ये हिरवं पान. सरकार अनुदान देणार, कंपनी गाडी देणार, आणि रस्त्यावर बॅटरी बदलायची ठिकाणंही कंपनीच चालवणार. ही बॅटरी घरी चार्ज करायची नव्हती. गॅसचं रिकामं सिलिंडर देऊन भरलेलं घेतो तसं, रिकामी द्यायची, भरलेली घ्यायची. साहेब मंचावरून म्हणाले, "हा करार खरं तर तुमच्याशी आहे." सह्या मात्र साहेबांनी आणि कंपनीच्या माणसानंच केल्या. मी खालून विचारलं, "आमची सही कुठी हाय साहेब?" लोक हसले. साहेबही हसले.

गाडीची किंमत हलेना. "सरकारी भाव आहे काका, एक रुपया कमी होणार नाही," कंपनीचा विक्रीवाला म्हणाला. किंमत हलत नसेल तर दुसरं काहीतरी हलवायचं, रिकाम्या हातानं मी आजवर कोणत्याच सौद्यातून उठलो नाही. गाडीत चालवणाऱ्यापुरतीच सीट होती.

"इथं दोघं बसतीन अशी सीट करून दे."

"काका, मालवाहू गाडी आहे. सवारी चालत नाही."

"हे तुले सवारी दिसून राहिली काय? बायको हाय माही."

तो तिच्याकडे वळला. "मावशी, काका नेहमी असेच बोलतात का?"

तिला ऐकू गेलं नाही. तो काय म्हणतो ते तिनं मला डोळ्यांनीच विचारलं. "इचारते, मी नेहमी असाच बोलतो काय!" मी ओरडलो, तर अर्धा मांडव वळून बघायला लागला.

ती शांतपणे त्याला म्हणाली, "मले काय माहीत बापा. मले कुठी ऐकू येते."

मांडव हसला, त्यात तोही हसला आणि सीट रुंद करून मिळाली. नियमात कशी बसवली ते त्यालाच माहीत.

पहिल्या दिवशी चावी फिरवली तर काहीच झालं नाही. गाडी बिघडलेलीच गळ्यात मारली असं म्हणून मी शिवी तोंडात आणली, तेवढ्यात गाडी चालायला लागली. गावाची वेस मागे पडली. चाकांचा आणि वाऱ्याचा तेवढा आवाज. थोड्या वेळानं ती म्हणाली, "अवो, तुमी शिट्टी वाजवता?"

"कोन? मी नाई."

"आता वाजवून राहिले होते ना."

मलाच माहीत नव्हतं. गाडी चालवताना मी शिट्टी वाजवतो, किती वर्षांपासून कोण जाणे, पण इंजिनाच्या आवाजात ती माझ्याच कानापर्यंत कधी आली नव्हती. मला भलतीच लाज वाटली. नातवंडांचा आजोबा मी.

"बंद काहून केली?" ती म्हणाली. "वाजवा ना."

तीनचाकीत चालवणारा मध्ये बसतो आणि ती माझ्या डावीकडे. त्यामुळे तिचा चांगला कान बरोबर माझ्या खांद्याशी यायचा. हळू बोललं तरी पुरायचं. पण हळू बोलायची मला सवय कुठे होती? माझा गळा बाजारात तयार झालेला. पहिले काही दिवस ती मला दटावायची, "हळू बोला ना. मी काय अडत्या हाय?"

हळूहळू जमलं. मग ती बोलायला लागली. तिचं माहेर गुरुकुंज मोझरीच्या जवळ. लहानपणी बाप तिला संध्याकाळच्या प्रार्थनेला न्यायचा आणि सगळे डोळे मिटून बसले की ही हळूच एक डोळा उघडून कोणाचं पोरगं डुलक्या घेतंय ते बघायची. हे मी लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर ऐकलं. एकदा माझ्या आईचा विषय निघाला. आई आता नाही.

"तुमची माय मले बहिरी म्हने ना, ते मले ऐकू ये."

"मंग बोलली काहून नाई कधी?"

"बहिरी असन्याचा तेवढाच तं फायदा होता. पयल्या हाकेले उठा लागे नाई."

बडनेऱ्यापर्यंत आम्ही हसत होतो. तिथं, अमरावतीच्या थोडं अलीकडे, बॅटरी बदलायचं ठिकाण होतं. तिथला माणूस आमच्याकडे बघून म्हणाला, "काय काका, आज भाव चांगला भेटला वाटते." मी म्हटलं, भाव अजून व्हायचाच आहे.

माझ्या धंद्यावरही तिनं मत दिलं. "तुमी आधी रागावता आन मंग भाव सांगता. समोरच्याले तवाच समजते का याले गरज हाय." तिला बाजारातलं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण तोंडं ती सगळ्यांची वाचत होती. मी एकदा आधी भाव सांगून पाहिला, मग रागावलो. फरक पडला. हे मी तिला कबूल केलं नाही. तिला ते माझ्या तोंडावरून समजलंच असेल.

पावसाळा संपत आला होता तेव्हाची गोष्ट. बॅटरी बदलून आम्ही पुढे निघालो आणि ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "उजवाही चालला."

मला आधी कळलं नाही. उजवीकडून कोण चाललं म्हणून मी आरशात बघितलं.

"कान म्हनते मी. सुनेच्या बांगड्या आधी ऐकू ये मले. आता नाई येत."

अमरावतीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासून सांगितलं की हा कानही हळूहळू जाईल. हळूहळू म्हणजे किती, ते सांगता येणार नाही. परत येताना ती म्हणाली, "घरी सांगू नका. पोरं आतापासूनच हातवारे करतीन माह्यासमोर." मी सांगितलं नाही. त्या दिवसापासून ती गाडी म्हणजे आमच्या घरातली आमची खोली झाली. आम्हाला तशी खोली कधी नव्हतीच.

त्यानंतर आम्ही जास्त बोलायला लागलो. फार मोठं काही नाही. माझ्याकडचं बोलणं संपलं की ती म्हणायची, "बोलत राहा. काई बी बोला. बोर्ड वाचा." मग मी रस्त्यावरच्या पाट्या वाचायचो. कृषी केंद्र. पंक्चर. शुद्ध शाकाहारी. येथे लग्नाची ऑर्डर घेतली जाईल. ती डोळे मिटून ऐकायची, आणि मी एखादी पाटी सोडली तर तिला तेही कळायचं, कारण रस्ता तिला पाठ होता. "पंपाचा बोर्ड सोडला ना तुमी."

एके दिवशी बडनेऱ्याच्या ठिकाणाला कुलूप. दारावर कागद, सेवा तात्पुरती बंद. मी फोन लावला. कंपनी म्हणाली, कराराची मुदत संपली, खात्यानं नवा केला नाही. खातं म्हणालं, कंपनीनंच माघार घेतली. कंपनी म्हणाली, अनुदान अडकलं. दोघं एकमेकांकडे बोट दाखवत राहिले आणि शेवटी आम्हा सगळ्यांना अकोल्याला बोलावून गाड्या जमा करून घेतल्या.

"काका, पूर्ण पैसे परत. असं कोणाला मिळत नाही," टेबलामागचा माणूस म्हणाला.

"पैसा नको. गाडी माह्याकडे राहू द्या, बॅटरी द्या."

"बॅटरी कंपनीची आहे. ती तुमची कधी नव्हतीच."

"मंग मले घरी चार्ज करता येईन अशी लावून द्या. जे लागन ते देतो."

असं वाक्य माझ्या तोंडून कोणत्याच दुकानात कधी निघालं नव्हतं. त्यालाही ते विचित्र वाटलं असणार. "तुमचं नेमकं नुकसान काय झालं ते तरी सांगा," तो म्हणाला. सांगायचं नाही असा शब्द मी तिला दिलेला. मी टेबलावर हात आपटला, चार शिव्या दिल्या, पैसे घेतले आणि निघालो. त्याला वाटलं, म्हातारा लोभी आहे.

घरी चार्ज होणाऱ्या गाड्या मी नंतर पाहिल्या. परवडेल अशी एकही भरलेल्या मालासकट तेवढं अंतर जाऊन परत येत नाही, आणि वाटेत उभी करून चार्ज करावी तर फुलं माना टाकतात. आता पुन्हा डिझेलची गाडी आहे. तिनं पुन्हा पदर बांधला.

एकदा परतताना मी गाडी कडुलिंबाखाली लावली आणि इंजिन बंद केलं. म्हटलं, बोलू. दोन वाक्यं झाली नाहीत तोच एक मोटरसायकल थांबली. "काका, बंद पडली काय?" नाही म्हटलं. मग ट्रॅक्टरवाला, "डिझल संपलं काय हो?" मग दर्यापूरकडची एक जीप, आतला ओळखीचा निघाला आणि दोर घेऊनच उतरला. ती हसायला लागली. "चला आता, नाई तं पुरा तालुका जमा होईन." पण कोणी थांबलं नसतं तरी जमलं नसतं. थांबून समोरासमोर बसलं की आम्ही दोघं पाहुण्यांसारखे होतो. आम्हाला बोलणं सुचायचं ते दोघांची नजर रस्त्यावर असताना, रस्ता पुढे सरकत असताना.

मुलं म्हणतात, लिहून बोलत जा. हे सगळं लिहून छापायला देऊ का, असं मी तिला कागदावरच विचारलं. तिनं वाचलं. "द्या. घरच्यायले समजन तं समजन," ती म्हणाली. "पन मले चिठ्ठ्या देत जाऊ नका. चिठ्ठीत तुमचा आवाज नाई येत."

गेल्या महिन्यात मी अमरावतीच्या कचेरीत पुन्हा गेलो. साहेब चांगले बोलले. दुसरा टप्पा येणार आहे, नवी कंपनी येईल, यादीत तुम्हाला वर घेऊ, थोडा धीर धरा. कधी, असं विचारलं तर म्हणाले, वरून आलं की. धीर मला धरता येतो. झेंडूचा भाव चढेपर्यंत दसऱ्याची वाट मी बघतोच. तिच्या कानाला ते सांगता येत नाही.

म्हणून ज्या दोघांनी त्या मांडवात करारावर सह्या केल्या, त्यांना मी इथं सगळ्यांसमोर विचारतो आहे. मला पत्र नको, नोटीस नको, यादीत नाव नको. तुमच्यापैकी एकानं आमच्या गावी यावं. माझ्या डिझेलच्या गाडीत तिच्याशेजारी बसावं आणि चालू इंजिनावर, बडनेऱ्यापर्यंत, ती गाडी का नेली ते तिला समजावून सांगावं. तिला ऐकू आलं तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. कोण येतं ते ठरवा. आम्ही रोज पहाटे निघतो.