भोंग्यावरची साक्ष

माझं डोकं लवकर तापतं. बाप्तिस्म्याच्या पाण्यानेसुद्धा ते थंड झालं नाही, असं बायको म्हणते.

जांबे गावात आम्ही आयटीतल्या पोरांना खोल्या भाड्याने देतो. शेजारी पाण्याचा टँकर चालवतो आणि तो रोज माझ्या फाटकाला आडवा लावतो. त्या शनिवारी मी तोंड सोडलं. त्याने भाडेकरूंसमोर माझ्या कानाखाली जाळ काढला. मी पाण्याची मोटर खोलत होतो, हातात लोखंडी पाना होता. तोच त्याच्या उजव्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. तो कळवळत खाली बसला, तरी माझा राग शमेना. मी त्याच्या पोटात लाथ घातली. खरं सांगतो, त्या क्षणी मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. आमच्या मंडळीत उपासनेच्या सुरुवातीला लोक उठून साक्ष देतात, आठवडाभरात देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगतात. मी सुजलेला गाल घेऊन माईकपाशी गेलो. शेजाऱ्याने मला मारलं, पण प्रभूच्या कृपेने मी त्याला क्षमा केली, असं म्हणालो. सगळे "हालेलुया" म्हणाले. पाळकसाहेबांनी पाठीवर हात ठेवला. बायको मात्र मान खाली घालून बसली होती. प्रभुभोजनाचं ताट तिच्यापर्यंत आलं, तेव्हा तिने भाकर न घेताच ते पुढे सरकवलं. मनात खोट असली की ती भाकर घेत नाहीत, हे मंडळीत सगळ्यांना ठाऊक.

वाटेत मी तिच्यावर खेकसलो, "चारचौघांत माझी शोभा कशाला केलीस?"

"ज्याचा हात मोडलात, आधी त्याच्याकडे जा," ती म्हणाली.

संध्याकाळी गेलो. आमच्या पलीकडचं त्याचं घर प्रार्थनागृहाच्या अगदी मागे. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. मी हात जोडले. तो खाटेवरून उठलाही नाही.

"ऐकलं म्या भोंग्यावर. तू मला माफ केलंस व्हय रं?"

आमचा भोंगा त्याच्या खिडकीकडे तोंड करून आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"दीड महिना गाडी हाकता येत न्हाई मला," तो म्हणाला. "पुढच्या ऐतवारी त्याच भोंग्यावर खरं काय ते सांग. मी येतोय ऐकायला."

आठवडाभर मी त्याला मनातल्या मनात बडवत होतो. गुडघे टेकून प्रार्थना करतानाही बडवत होतो.

रविवारी तो खरंच प्रार्थनागृहाच्या दारात येऊन उभा राहिला. मी पाना सांगितला, मनगट सांगितलं. हालेलुया कुणीच म्हणालं नाही. मी माईक खाली ठेवायला वाकलो.

"लाथ ऱ्हायली!" तो दारातून ओरडला.

माझी मूठ वळली. बायकोने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी माईक पुन्हा तोंडाशी धरला. लाथ सांगितली, आणि ती घालताना मला बरं वाटलं होतं, तेही सांगितलं.