देशमुखाच्या गरीब पोरासाठी

केजच्या बाजूला, मांजरेकाठच्या एका गावात चंद्रभागाबाई राहायची. नवरा पटकीत गेला तेव्हा मुलगा बंकट चार वर्षांचा होता. मागे राहिली ती आठ एकर बरड जमीन. बाईला अक्षर ठाऊक नव्हते, पण बोलताना ती कुणाची भीडही ठेवायची नाही.

एक गोष्ट तिने लवकर ओळखली होती. पटवाऱ्यापासून तहसीलदारापर्यंत सगळा कारभार उर्दूत चालतो, आणि ज्याला उर्दू येते तो सावलीत बसतो. म्हणून तिने बंकटला आधी मौलवीकडे आणि मग मोमिनाबादच्या सरकारी शाळेत घातले. कागदावर मोमिनाबाद, लोकांच्या तोंडी आंबेजोगाईच. पोरगा तिथे चिकटून राहिला आणि मॅट्रिक झाला.

हे फसली तेराशे चौतीसचे, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे चोवीस-पंचवीसचे साल. हैदराबादेत निजाम सरकारने उर्दूतून शिकवणारी युनिव्हर्सिटी काढून पाच-सहा वर्षे झाली होती. रयतेला रयतेच्या भाषेत शिक्षण द्यायचे असा थोर हेतू होता. रयतेची भाषा कोणती, हे रयतेला विचारायचे तेवढे राहून गेले होते. फी, शेरवानी, किताबे, राहण्या-जेवणाचा खर्च, हे सगळे ऐकूनच बंकटने तो नाद सोडला. तेवढ्यात हुकूम निघाला की प्रत्येक तालुक्यातून एका मुफलिस मुलाला सगळे माफ. मुफलिस म्हणजे ज्याच्यापाशी काहीच नाही असा. अट एकच, दाखला तहसीलदाराचा आणि त्यावर गावातल्या मोतबर माणसाची सही. म्हणजे गरीब कोण, हे श्रीमंताने सांगायचे होते.

गावातले मोतबर म्हणजे सुंदरराव देशमुख. चारशे एकर जमीन, वीस बैलजोड्या. चंद्रभागाबाई त्यांच्या ओसरीखाली जाऊन उभी राहिली. देशमुखांनी सगळे ऐकून घेतले, सुपारी कातरली आणि सांगितले की तालुक्याची ती जागा भरल्यातच जमा आहे. त्यांच्या मुलाचा, विठ्ठलरावांचा, अर्ज गेला होता.

बाईला वाटले, आपल्या ऐकण्यात चूक झाली. देशमुखांनी शांतपणे समजावले.

"विठ्ठलरावाच्या नावावर एक गुंठा न्हाई. जमीन माझ्या नावावर, थोडी त्याच्या आईच्या, थोडी देवाच्या. त्याच्यापाशी हाय काय? बंकटच्या नावावर मातर आठ एकर हाय. कागदावर त्यो जमीनदार हाय, बाई. मी खोटी सही कशी करू?"

ती बंकटला घेऊन तहसिलीत गेली. तिथल्या पेशकाराने, म्हणजे कारकुनाने, दफ्तर उघडून दाखवले. विठ्ठलराव वल्द सुंदरराव, मुफलिस. खाली तहसीलदारांची सही, वर शिक्का. बाईने ते बंकटकडून दोनदा वाचून घेतले. चारशे एकरांचा वारस मुफलिस कसा, असे तिने विचारले, तेव्हा पेशकार म्हणाला की सरकार डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही, कागदावर ठेवते. तोही अगदी मनापासून बोलत होता.

परतीच्या वाटेवर ती मान खाली घालून चालत राहिली. बंकटला वाटले, आईने हाय खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने खांद्याला झोळी अडकवली आणि शेजारच्या बायनाबाईच्या दारात उभी राहिली.

"वाढा माय. देशमुखाचं पोरगं मुफलिस झालंय. सरकारनं तसं लिहून दिलंय."

बायनाबाई हसायला लागली. चंद्रभागाबाई हसत नाही हे पाहून थांबली, आत गेली आणि शेरभर ज्वारी घेऊन आली. पुढच्या दाराशी तेच, त्याच्या पुढच्या दाराशी तेच. बाई कुठेच हसली नाही. कुणी मुद्दाम खोदून विचारले, तर ती तहसिलीचे, पेशकाराचे, शिक्क्याचे सगळे नीट सांगायची. त्यात खोटे काही नव्हतेच.

तिसऱ्या दिवशी ती केजच्या बाजारात गेली. तिथे बाहेरगावची माणसे. आग लागली का, दरोडा पडला का, असे जो तो विचारू लागला.

"आग न्हाई, दरोडा न्हाई," ती सांगायची. "पोरगं चांगलं धडधाकट हाय. तहसिलीत कागद गेला आन् पोरगं मुफलिस झालं."

सरपण विकणाऱ्या एका म्हातारीने पदरची ओंजळभर ज्वारी दिली आणि डोळे पुसले. एवढ्या मोठ्या घरावर अशी वेळ यावी, याचे तिला खरोखरच वाईट वाटले होते.

पुढे महिनाभर ती गावोगाव फिरली, आणि बाजारातली बातमी गेवराईपर्यंत गेली. तिथल्या एका खानदानी घरात देशमुखांच्या मुलीची सोयरीक ठरत आली होती. त्या घरचा कारभारी घोड्यावरून आला, जेवला आणि पान खाऊन त्याने अगदी हळू आवाजात विचारले, की घरात सगळे ठीक आहे ना, लोक काहीबाही बोलतात.

त्याच दुपारी चंद्रभागाबाईला बोलावणे गेले. ती बैलगाडीत ज्वारीची चार पोती घालूनच आली. पोती दारात उतरवली. मागे निम्मे गाव.

"हे काय चालवलंय तुमी?" देशमुख म्हणाले.

"तुमच्या पोराचंच हाय, आबा. मापून घ्या."

"उचला हे. आमाला नको."

"मंग देऊ कुनाला? गरिबाच्या नावानं मागितलंय. दुसरा गरीब कोन ते तुमीच सांगा."

देशमुखांनी कारभाऱ्याकडे पाहिले, गर्दीकडे पाहिले.

"बंकटला द्या," ते म्हणाले.

"त्यो तर जमीनदार हाय."

मागे कुणीतरी खोकले. देशमुखांनी मिशी ओढली. मग म्हणाले, "न्हाई. त्यो गरीब हाय."

"लिहून द्या."

त्यांनी लिहून दिले. विठ्ठलरावांचा अर्ज मागे गेला, बंकटचा पुढे गेला. तहसिलीतून जिल्ह्याला, जिल्ह्यातून हैदराबादेला. चार महिन्यांनी उत्तर आले की या तालुक्यातून यंदा मुदतीत एकही मुफलिस मिळाला नाही, सबब जागा रद्द. तालुक्याच्या भरभराटीबद्दल सरकारने समाधान व्यक्त केले होते.

उत्तराची वाट बघत बंकट घरी बसला नव्हता. चार पोती ज्वारी आणि घरातली एकुलती म्हैस विकून तो आधीच गेला होता. विठ्ठलरावही गेले, बापाच्या पैशाने, आणि दिवाळीला घरी आले ते परत गेलेच नाहीत. हैदराबादचा भात त्यांना मानवेना. बंकटने दोन वर्षे काढली. तिसऱ्या वर्षी फी वाढली, तेव्हा डिग्रीविना परतला. तरी परभणीच्या एका सरकारी कचेरीत त्याला कारकुनी मिळाली, लग्नही झाले.

एकदा चंद्रभागाबाई त्याला भेटायला परभणीला गेली आणि घरी न जाता सरळ कचेरीत शिरली. बंकटच्या टेबलापुढे माणसांची रांग होती. पुढच्या म्हाताऱ्याला तो मान वर न करता सांगत होता, हा कागद चालत नाही, उद्या या. म्हातारा दोन दिवसांची वाट तुडवून आला होता. तसे तो सांगतही होता.

चंद्रभागाबाई रांगेत उभी राहिली. तिची पाळी आली तेव्हा बंकट धडपडून उठला, खुर्ची पुढे करू लागला.

"बसत न्हाई," ती म्हणाली. "त्यो म्हातारा दारातच हाय. बोलीव त्याला. कागद कावून चालत न्हाई, ते त्याच्या तोंडाकडं बघून सांग."

बंकटने त्याला बोलावले. कागद पुन्हा वाचला. कागद चालण्यासारखा होता.

ती चार दिवस राहिली, सुनेच्या हातचे पोटभर जेवली आणि निंदणी खोळंबली म्हणून पाचव्या दिवशी गावी निघाली.