लिंबाखालच्या झोळ्या

धोक्याची शिट्टी झाली की माणूस धोक्यापासून लांब पळतो, असं ज्याला वाटतं त्याने त्या दुष्काळात आमच्या तलावावर यायला हवं होतं. आमच्याकडे शिट्टी झाली की बायका खाणीच्या दिशेने धावत सुटायच्या. आणि ती शिट्टी मीच वाजवायची.

शेवगावच्या पलीकडच्या कोरड्या अंगाला आमचं गाव. त्या साली ऊसतोडीलाही कुणी बोलावलं नाही, कारण ऊसच नव्हता. सगळं गाव पाझर तलावाच्या कामावर लोटलं. मी अकरावी नापास होते. म्हणजे दहावी पास, असं मी लोकांना सांगत असे. नगरहून आलेल्या ओव्हरसियर साहेबांनी मला बायकांची मुकादम केलं, गळ्यात एक पितळी शिट्टी अडकवली आणि हातात लाल निशाण दिलं. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं, मूलबाळ नाही, आणि डोक्यात हवा भरपूर. सासूबाई म्हणायच्या, "हिला शिट्टी दिली आन् आमाला कानात बोळं घालायची पाळी आनली."

कामावर सावलीचं झाड एकच, एक जुना लिंब. त्याच्या फांद्यांना बायकांनी लुगड्यांच्या झोळ्या बांधून पोरं टांगलेली असायची. पंधरा-सोळा झोळ्या असतील. वाऱ्याने त्या हलायच्या, पोरं झोपायची. राखायला गावातली एक म्हातारी बसवली होती. पहिल्या महिन्यात कामही लिंबाच्या आसपासच चालायचं, त्यामुळे पोर रडलं की आई चार पावलांवर. मग बांध दूर सरकला आणि त्याच्याबरोबर बायकाही दूर सरकल्या. बांधाला दगड हवा म्हणून लिंबाच्या मागेच, पन्नास पावलांवर, खाण उघडली आणि तिथे सुरुंग लागू लागले. झोळ्या आधीच्या, खाण मागून आली. खाण तिथे का, म्हणून कुणी विचारलं नाही. झोळ्या तिथेच का, हेही विचारलं नाही.

साहेबांनी माणसांसाठी बांधाच्या आडोशाला चुन्याची रेघ मारून दिली होती. नियम सोपा होता. मी शिट्टी वाजवायची, सगळ्यांनी रेघेच्या मागे यायचं, मैदान मोकळं दिसलं की मी निशाण दाखवायचं आणि मग खाणीतल्या माणसांनी वात पेटवायची. खाण खोल, आणि तिच्या तोंडाशी मुरमाचा ढीग. खाली उतरलेल्या माणसाला लिंब दिसायचा नाही. त्याचे डोळे म्हणजे माझं निशाण.

पहिल्या दिवशी शिट्टी वाजली आणि पुरुष रेघेमागे आले. बायका घमेली टाकून लिंबाकडे पळाल्या. म्हातारी दोन पोरं काखेत मारून निघाली होती, पण उरलेली कोण आणणार? प्रत्येक आई आपलं पोर ओरबाडून परत यायची तोवर माझा घसा बसायचा. मी निशाण खाली धरून उभी, खाणीतले लोक शिव्या देतायत, आणि साहेब घड्याळ बघतायत.

"या बायका उलट्या का पळतात?" त्यांनी मला विचारलं.

"जित्याची खोड, साहेब," मी म्हणाले. "ऐकायचंच नसतं यांना."

आज ते वाक्य आठवलं की माझी मलाच चीड येते. पण तेव्हा मला ते मनापासून पटलेलं होतं. मला वाटायचं, या अडाणी आहेत, चेंगट आहेत, शिट्टीला भीत नाहीत. मी त्यांना दगडावर उभी राहून झापायची. त्यांच्यातच माझी थोरली जाऊ असायची. लग्नानंतर सात वर्षांनी तिला मूल झालेलं, आठ महिन्यांचा मुलगा. ती मला धाकटी म्हणायची आणि मी तिला बाई. एकदा सगळ्यांसमोर मी तिलाही सोडलं नाही. "बाई, तुमी तरी शहाण्यासारखं वागा." ती घमेलं उचलता उचलता म्हणाली, "ज्याचं जळतं त्यालाच कळतं गं, धाकटे." बायका हसल्या. ते हसणं माझ्या जिव्हारी लागलं.

मग साहेबांनी दोरी आणली. बांध आणि लिंब यांच्या मध्ये खुंट्या ठोकून जाड दोरी ताणली, आणि काठी घेऊन एक राखणदार उभा केला. शिट्टीनंतर जी दोरी ओलांडेल तिला त्या दिवशीची सुकडी नाही. दुपारी मिळणारी ती मूठभर गोडसर सुकडी बायका स्वतः खात नसत, पदरात बांधून घरी पोरांना नेत. ती बंद करणं म्हणजे काय, हे साहेबांना कळत नसेल. मला कळत होतं आणि तरी मी ते ओरडून सगळ्यांना सांगितलं.

दोरीने चमत्कार केला. त्या दिवसापासून शिट्टीनंतर एकही बाई दोरीपाशी फिरकली नाही. मैदान लख्ख मोकळं. मी निशाण दाखवायची, सुरुंग उडायचा, लिंबाचा पाला शहारल्यासारखा व्हायचा आणि साहेब मान हलवायचे. पण रेघेमागे बसलेल्या बायकांच्या मांडीवर पोरं असायची, आणि ती तिथे कशी आली हे मी स्वतःला विचारलं नाही. म्हातारीने आणली असतील, असं धरून मी मोकळी झाले. सगळं नीट चाललं होतं आणि तरीही त्या दिवसांत सुरुंगाआधीची शांतता मला नकोशी व्हायला लागली. घारी वर गोल फिरत असायच्या. झोळ्या वाऱ्यावर हलायच्या आणि इतक्या लांबून बघताना भरलेली कोणती, रिकामी कोणती हे ओळखू यायचं नाही.

एका संध्याकाळी घरी बाई, म्हणजे माझी जाऊ, चुलीपुढे बसल्या होत्या. लुगडं जरा वर सरकलेलं, आणि दोन्ही नडग्या बोराटीने ओरबाडलेल्या. बोराटी आमच्या कामावर एकाच जागी होती, खाणीच्या मागच्या नाल्यात. मला एकदम सगळं समजलं. दोरी समोर होती म्हणून बायका मागून जात होत्या. नाल्यात उतरायचं, वाकून चालायचं, खाणीच्या तोंडाजवळच्या मुरमावरून वर चढायचं आणि लिंबाच्या बुंध्याआड निघायचं. आधी त्या सुरुंगापासून पन्नास पावलांवर असायच्या, आता दहा पावलांवरून जात होत्या. आणि तेही अशा वाटेने, की मला दिसू नयेत.

"बाई, तुमी नाल्यातनं जाता?"

"मग काय उडत जाऊ?"

"जीव जाईल की एखादीचा!"

"तुजी दोरी काढ, मंग समोरून जाईन."

माझा पारा चढला. मी म्हणाले, उद्या साहेबांना सांगते, सगळ्यांची सुकडी बंद करते. ती म्हणाली, "सांग की. घरच्यांच्याच पोटावर उठली तू आता." आमचा अबोला सुरू झाला. सासूबाईंनी दोघींना वेगवेगळी भाकरी वाढली.

साहेबांना मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझी मुकादमी गेली असती, कारण मोकळ्या मैदानाचं कौतुक मीच पदरात पाडून घेतलं होतं. पण धास्ती होतीच. तेव्हा माझ्या हुशार डोक्याने एक युक्ती काढली. शिट्टी कधी वाजणार हे मला आधी माहीत असतं. वाजवायच्या आधी आपण गुपचूप जाऊन आपल्या घरचं पोर उचलून आणायचं. बाकीच्यांचं काय, हा विचार माझ्या मनात आलाच नाही असं म्हणणार नाही. आला आणि गेला.

बाईंना सांगायला हवं होतं. पण अबोला होता ना! आणि खरं सांगायचं तर मला सांगायचंच नव्हतं. ती धापा टाकत येईल, मुलगा माझ्या मांडीवर खेळताना बघेल आणि सगळ्या बायकांसमोर तिची मान खाली जाईल, हे चित्र मी मनात दोनदा रंगवून पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी लिंबाखाली गेले. म्हातारी पेंगत होती. मुलगा झोळीत दुपट्यात गुंडाळलेला, घामाने चिंब. मी त्याला दुपट्यातून सोडवला आणि दुपटं परत झोळीत टाकलं. हातात ओझं कशाला, एवढाच विचार. त्याला कडेवर घेऊन मी बांधावर आले आणि शिट्टी वाजवली.

बाई त्या दिवशी बांधाच्या पार शेवटच्या टोकाला होत्या. बाकीच्या बायका थोड्या वेळाने नाल्याच्या अंगाने पोरं घेऊन एकेक करून रेघेमागे आल्या. आता बघत होते म्हणून मला त्या दिसल्या. म्हातारीही आली. त्यांच्यात बाई नव्हत्या. झोळी रिकामी दिसली की ती परत फिरेल, निम्म्या वाटेतच असेल, असं मी धरून चालले. दोरीपाशी कुणी नव्हतं. मैदान मोकळं होतं. मी निशाण दाखवलं आणि आडोशाला खाली बसले.

मग मुलगा रडायला लागला. त्याला खेळवायला मी उभी राहिले, आणि बाई लिंबाखाली दिसल्या.

झोळी त्यांना रिकामी दिसलीच नव्हती. दुपट्याने ती फुगलेली होती आणि हलतही होती. झोळी भरलेली बघून त्या नाल्यातून वर चढल्या असणार, आत हात घातला असणार आणि हाताला नुसतं कापड लागलं असणार. बाकीच्या आया पोर उचलून क्षणात निघाल्या. हिला उचलायला पोरच नव्हतं, म्हणून ही तिथून हलेना. शेजारची झोळी उलटीपालटी केली. मग तिच्या पलीकडची. मग बुंध्याच्या मागे जाऊन आली.

मी शिट्टी वाजवली. वात पेटली होती, माझ्याजवळ तेवढंच होतं. जीव खाऊन वाजवली आणि ती ऐकून बाई आणखी वेड्यासारखी शोधू लागली. शिट्टी म्हणजे पोर घे, एवढंच तर ती शिकली होती. मी ओरडले, "बाई, प्वार माझ्यापाशी हाय!" वारा उलटा होता. मी मुलाला दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून धरलं. तिने वर पाहिलं. पाहिलं असावं, कारण ती सरळ माझ्याकडे निघाली, मोकळ्या मैदानातून, दोरीच्या दिशेने. दोन-तीन पावलं टाकली असतील.

सुरुंगाचा आवाज मला आठवत नाही. मुलगा रडायचा थांबला, ते आठवतं.

दगड गुडघ्यावर बसला होता. साहेबांच्या जीपमधून बाईंना नगरला दवाखान्यात नेलं. पाय मांडीपासून कापावा लागला.

तिसऱ्या दिवशी जबाब झाला. कागदावर लिहिलं होतं की शिट्टी वेळेवर दिली होती, दोरी लावलेली होती, राखणदार हजर होता, आणि सक्त ताकीद देऊनही सदर स्त्री धोक्याच्या जागी गेली. शब्द न् शब्द खरा होता. खाली मी सही केली. माझं अक्षर चांगलं आहे म्हणून साहेबांनी तारीखही मलाच घालायला सांगितली. झोळीतल्या दुपट्याचं त्यात काही नव्हतं, आणि मी सांगितलं नाही.

त्याच दिवशी चार माणसांनी बांधाच्या आडोशाला, चुन्याच्या रेघेमागे, बाभळीच्या मेढी पुरून वर गोणपाट टाकलं आणि सगळ्या झोळ्या तिकडे हलवल्या. दुपारच्या भाकरीच्या आत काम झालं. पुढच्या शिट्टीला बायका घमेली टाकून पळाल्या, त्या थेट रेघेमागे. पुरुषांच्याही आधी पोहोचल्या. दोरी काढून टाकली, राखणदाराला दगड फोडायला लावलं. त्याच बायका आणि तीच शिट्टी.

"अद्दल घडल्याशिवाय शहाणपण येत नाही," साहेब म्हणाले. मी शिट्टी गळ्यातून काढून त्यांच्या टेबलावर ठेवली आणि घमेलं उचललं. त्यांना वाटलं, मला धक्का बसला आहे.

बाई तीन महिन्यांनी घरी आल्या. तोवर मुलगा मलाच चिकटलेला, तिच्याकडे जाईना. कुबडी भिंतीला लावून ती ओसरीवर बसली, सगळ्यांशी बोलली, चहा प्यायली. अबोला कुणी सोडला ते कळलंच नाही. सगळे उठून गेल्यावर तिने मला जवळ बोलावलं. मी शिव्यांची तयारी ठेवली होती. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"धाकटे," ती म्हणाली, "प्वार उचललंस, लई चांगलं केलंस. न्हाईतर त्यो गेला असता. पन येक सांग. झोळी तशी भरल्यावानी का ठिवली टांगून?"

उत्तर मला माहीत होतं. मुलगा माझ्या कडेवर होता. मी त्याला तिच्या मांडीवर दिलं, तो रडायला लागला, आणि ती त्याला झुलवता झुलवता माझ्याकडे बघत राहिली.