मामांचं परराष्ट्रधोरण

या देशाचं परराष्ट्रखातं दिल्लीत आहे असं शाळेत शिकवतात, पण ते कित्येक वर्षं लालबागेतल्या एका चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर होतं, याला मी साक्षीदार आहे. तिथं माझ्या बायकोचे थोरले मामा राहतात. गोदीत कारकून म्हणून चिकटले आणि कारकून म्हणूनच निवृत्त झाले. पण जगाच्या पाठीवर कुठंही खुट्ट झालं की पहिली जाग मामांना यायची. इकडे मी गालाला साबण फासून आरशासमोर उभा असायचो आणि फोन वाजायचा. "जावईबापू, वाचलंत का?" ज्या देशाचं नाव मला धड उच्चारता येत नसे, तिथं लष्करानं सत्ता घेतलेली असायची, नाहीतर कुठल्याशा सामुद्रधुनीत कुणीतरी कुणाचीतरी वाट अडवलेली असायची. मी "हो का?" म्हणायचो. मग मामा घसा साफ करून विचारायचे, "ते झालं. पण यातून आपण धडा काय घ्यायचा?" हा प्रश्न मला नसायचा, देशाला असायचा. मी फक्त देशाच्या वतीनं फोन धरून उभा असायचो, साबण वाळेपर्यंत. पलीकडून मामींचा आवाज यायचा, "आधी चाय घेवा, निवान गेली ती. जग खंय पळान जाणा नाय."

मामांची अडचण अशी की देश त्यांचे धडे घेत नसे. मग ते धडे घराला घ्यावे लागत. तिकडे युरोपात युद्ध पेटलं, गॅसचे नळ बंद झाले आणि मोठमोठे देश थंडीत कुडकुडणार अशा बातम्या आल्या, तेव्हा मामांनी दोन दिवस विचार करून जाहीर केलं की कुठल्याही जिन्नसासाठी एकाच पुरवठादारावर अवलंबून राहणं हा आत्मघात आहे. या धोरणाचा पहिला बळी ठरली ती त्यांच्याकडे वर्षानुवर्षं मासळी घालणारी कोळीण. ती बिचारी टोपली डोक्यावर घेऊन तीन जिने चढून यायची, मामींशी भांडून भाव करायची, वर कोथिंबीर मागून न्यायची. मामांनी तिला समजावून सांगितलं की तुझ्याबद्दल तक्रार नाही, पण यापुढे आम्ही आणखी दोघींकडून मासळी घेणार. ती टोपली खाली ठेवून म्हणाली, "मामा, मी काय तुमच्यावर लढाई केली काय?" आणि टोपली उचलून जी गेली ती तिसऱ्या मजल्यावर परत फिरकलीच नाही. नव्या दोघींनी ताजं म्हणून जे दिलं ते आदल्या दिवशीचं निघालं. महिनाभर त्या घरात वरण-भात चालू होता. शेवटी मामींनी पानावरूनच ऐकवलं, "तुमचा ता धोरण तुमीच खावा. माका बांगडे होये." मामा स्वतः कोळणीच्या घरी जाऊन आले. परत आल्यावर मला म्हणाले, "शिष्टाई यशस्वी झाली, जावईबापू. पण तिनं दर वाढवलाय."

शेजारच्या परबांच्या चपलांच्या स्टँडचं प्रकरणही असंच. हा स्टँड दर सणाला थोडा थोडा मामांच्या दाराकडे सरकतो, असा मामांचा दावा होता. सरहद्दीवर शेजारी देश नेमकं हेच करतात, एकदम हल्ला करत नाहीत, रोज चार पावलं पुढे येऊन बसतात आणि आपण गप्प राहिलो की तीच सरहद्द होते, असं ते सांगायचे. परब हा पोस्टातला साधा माणूस. आपण घुसखोर आहोत हे ऐकून त्याला रडूच आलं. मग मामांनी गॅलरीत दोन खुर्च्या समोरासमोर मांडून बैठक घेतली, मामींनी दोन्ही पक्षांना लिंबू सरबत दिलं आणि मधल्या दोन लाद्या कुणीच वापरायच्या नाहीत असं ठरलं. त्या निर्लष्करी पट्ट्यावर पुढं चाळीतलं एक मांजर व्यालं. दोन्ही घरांतून त्याला दूध जायचं. मामा म्हणायचे की शांततेचा लाभ नेहमी तिसऱ्यालाच होतो.

घराबाहेर मात्र मामा असे लिंबू सरबतवाले नव्हते. रोज सकाळी बसनं ते शिवाजी पार्कला जायचे. लालबागेत चालायला जागा नाही म्हणून नव्हे, तर तिथल्या कट्ट्यावर निवृत्त माणसांचा एक घोळका बसायचा म्हणून. बँकेतले, कॉलेजातले, एक दातांचे डॉक्टर. त्यांच्यात आपला गोदीतला कारकून कुठे कमी पडत नाही याचा मामांना केवढा आनंद! एकदोनदा मी गेलो होतो. मामा बोलायला लागले की मागून धावणारी तरुण मंडळीसुद्धा वळून बघायची. "देशाला कणा पाहिजे," मामा कट्ट्यावर मूठ आपटत म्हणायचे. सरकारनं कुणाशी बोलणी सुरू केल्याची बातमी आली की त्यांचा पारा चढायचा. "बोलणी लग्नाची करतात हो! हिथं काय मुलगी द्यायचीय?" सगळे हसायचे. दातांचे डॉक्टर एकदा म्हणाले, की लढाईत माणसं मरतात. तर मामा म्हणाले, "मरतात ना! चार-दोन माणसं जायचीच. त्याशिवाय देश मोठा होत नाही." मीही मान डोलावली होती. सकाळची वेळ, कोवळं ऊन, समोर नेटमध्ये पोरं बॅटिंग करतायत. अशा वेळी चार-दोन माणसं म्हणजे काय हे कुणाच्या डोळ्यासमोर येत नाही.

या सगळ्या धामधुमीत मामांचा एकुलता एक मुलगा, महेश, मालवाहू बोटीवर इंजिनात कामाला आहे, हे आम्ही सगळे जवळजवळ विसरूनच गेलो होतो. महेश अबोल. सुट्टीवर आला की गॅलरीत उभा राहून विडी ओढायचा आणि बाप जगाबद्दल बोलत असताना कौतुकानं ऐकत राहायचा. खरं तर ज्या सामुद्रधुन्यांवर मामा बोलत, त्यांतून तो कितीदा जाऊन आला होता. पण त्याला विचारलं तर म्हणायचा, "इंजिनात काय दिसतं? खाली गरम होतं, बस."

एका दुपारी बायकोचा ऑफिसात फोन आला. ती नुसतंच म्हणाली, "मामाकडे ये." ऑफिसातल्या टीव्हीवर खाली पट्टी फिरत होती. तांबड्या समुद्राच्या तोंडाशी हत्यारबंद माणसांनी एक बोट ताब्यात घेऊन स्वतःच्या बंदरात नेली होती. खलाशांत काही भारतीय होते. बोटीचं नाव मामींना पाठ होतं, कारण देव्हाऱ्यासमोर त्या महेशच्या नावाबरोबर तेही घ्यायच्या.

मी पोचलो तेव्हा मामांचा टीव्ही बंद होता. तो दिवसा बंद असलेला मी प्रथमच पाहिला. मामा खुर्चीत बसले होते, पायांत बाहेरच्या चपला तशाच. परब दारात उभा होता. मामी पलंगाच्या कडेवर टेकल्या होत्या, हातात फोन. त्या मामांकडे वळल्या आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "आता सांगा. ह्याच्यातसून आपण काय धडो घेवचो?"

त्या बाईनं आयुष्यात नवऱ्याला टोचून बोलायचं म्हणून हजारदा काय काय म्हटलं असेल. पण हे ती टोचायला म्हणत नव्हती. तिला खरंच वाटत होतं की यांना माहीत असेल. मामा वाकले आणि पायांतल्या चपला काढू लागले.

त्यानंतरचे महिने मामांच्या तोंडून, बोट जिथं नेली होती त्या देशाचं नाव कधी आलं नाही. "तिकडे" एवढंच म्हणायचे. "तिकडे आता दुपार असेल." "तिकडे पाणी खारं लागतं म्हणे." फोर्टातल्या बोट कंपनीच्या कचेरीत, सरकारी कचेरीत मी त्यांच्याबरोबर जायचो. कंपनीतला माणूस दरवेळी चहा मागवायचा आणि चहाशिवाय काही द्यायचा नाही. सरकारी कचेरीत एक तरुण अधिकारी बाई होती. ती निदान फाईल उघडून बघायची. एकदा ती म्हणाली, "आजोबा, वरच्या पातळीवर बोलणी सुरू आहेत. यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही." या शब्दावर मामा काय करतील, या भीतीनं मी त्यांचा हात धरला. मामा उठले, टेबलावर ओणवे झाले आणि हात जोडून म्हणाले, "चालू ठेवा, बाई. कुणी काही म्हणू दे, कुणी शिव्या देऊ दे. बोलणी तेवढी बंद करू नका."

शिवाजी पार्कचं जाणं थांबलं. घोळक्यातली माणसं एकदा भेटायला आली, खुर्च्या कमी पडल्या म्हणून परबानं आपल्या आणून दिल्या. डॉक्टर सोडून बाकीचे थोड्याच वेळात धोरणावर घसरले. मामा ऐकत होते. मग म्हणाले, "जरा झोप येतेय मला."

आणि नेमकं तेव्हाच, ज्याची वाट त्यांनी जन्मभर पाहिली असेल ते घडलं. एका वाहिनीनं त्यांना चर्चेला बोलावलं. टीव्हीवरच्या तज्ज्ञांना मामा घरात बसून वर्षानुवर्षं दुरुस्त करत आले होते, "अहो, असं नाही" म्हणून पडद्याशी भांडत आले होते. आता घरबसल्या फोनवरूनच त्यांना चर्चेत घेणार होते. ते नकोच म्हणत होते, पण इतर खलाशांच्या घरच्यांनी गळ घातली, की कुणीतरी बोललं पाहिजे आणि तुम्हाला बोलता येतं. फोन साखरेच्या डब्याला टेकवला. मामांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, तो गळ्याशी सैल झाला होता. एका चौकटीत मामा, दुसऱ्या चौकटीत जाड मिश्यांचे, लष्करातून निवृत्त झालेले एक तज्ज्ञ. निवेदक ओरडत होता. तज्ज्ञ म्हणाले, की अशा टोळ्यांपुढं एकदा वाकलात की कायमचं वाकावं लागतं, हल्ला करूनच बोट सोडवायला हवी. आणि मग, अगदी मामांच्याच ठेक्यात, "चार-दोन जीव जातील. पण देशापुढं तो प्रश्न गौण आहे."

निवेदकानं विचारलं, "काका, तुम्ही काय म्हणाल?"

मामा थोडे पुढे झाले. "साहेबांचं बरोबर असेल," ते म्हणाले. "मीपण असंच म्हणत असे. अगदी असंच. पण साहेब, त्या चारांतला एक आमच्या घरचा आहे. तेव्हा जरा हळू बोला. त्याची आई आत बसलीय."

तज्ज्ञांनी चष्मा काढला. मग जाहिराती लागल्या. मामांनी फोन उचलून बंद केला आणि आत जाऊन मामींशेजारी बसले.

खलाशी सुटले. कशाच्या बदल्यात, कुणाच्या मध्यस्थीनं, ते कुणी सांगितलं नाही आणि ज्यांनी कधीकाळी तेच शोधून काढलं असतं, त्या मामांनीही विचारलं नाही. महेश विमानतळावरून बाहेर आला तेव्हा मी त्याला ओळखलं नाही. गालांत खड्डे पडले होते. मामींनी त्याला आधी पेज दिली, मग थोडी थोडी मासळी. चाळीतले लोक त्या हत्यारबंद माणसांच्या क्षेपणास्त्रांबद्दल विचारायला यायचे. मामा त्यांना दारातूनच परत पाठवायचे.

पण बोटीवरचे सगळे परतले नव्हते. देवगडकडचा एक स्वयंपाकी तिकडेच तापानं गेला होता. औषध मिळालं नाही. महेशची आणि त्याची दोस्ती होती. महेश चालता फिरता झाल्यावर मामा त्याला घेऊन देवगडला गेले. तिथलं मला महेशनंच सांगितलं. घरापुढच्या खळ्यात सगळे बसले होते. स्वयंपाक्याचे वडील मामांच्याच वयाचे. त्यांनी विचारलं, "तुम्ही मुंबईचे, वाचणारे माणूस. माझ्या झिलाचं त्या लोकांशी वैर काय होतं हो?" महेशला वाटलं, बाबा आता बोलतील. मामांनी त्या म्हाताऱ्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. दिवेलागण होईपर्यंत तो सोडला नाही.

महेश वर्षभर घरी राहिला आणि पुन्हा बोटीवर गेला. दुसरं कुठलं काम त्याला येत नाही. मामांनी अडवलं नाही.

मागच्या महिन्यात आमच्या मुलीला पोलंडमध्ये नोकरी लागली. निघण्याआधी पाया पडायला तिला लालबागला घेऊन गेलो. जाताना मी तिला बजावलं होतं, की आजोबा पोलंडबद्दल विचारतील, शेजारच्या युद्धाबद्दल बोलतील, ऐकून घे, घड्याळात बघू नकोस. मला आतून आशा वाटत होती की तसं व्हावं.

मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "थंडी फार असते म्हणतात तिथं," ते म्हणाले. "गरम कपडे घेतलेस ना गो?"

"घेतले, आजोबा."

"फोन कर पोचल्यावर. मग जमेल तसा कर. पण करत जा."

मामींनी लाडवांचा डबा आणून दिला. निघायची वेळ झाली. मला राहवेना. चपला घालता घालता मी मुद्दाम विचारलं, "मामा, पोलंडचं काय वाटतं तुम्हाला? एकंदर परिस्थिती?"

मामा गॅलरीच्या कठड्याला धरून उभे होते. वाटलं, आता घसा साफ करतील.

"माणसं असतील तिथं, जावईबापू," ते म्हणाले. "बरी असू देत म्हणजे झालं."