निऱ्यांखालच्या टाचा

माझी उंची चार फूट अकरा. दोन स्थळं त्यावरनंच मोडली, म्हणून तिसऱ्या वेळी आईनं स्थळाच्या कागदावर सरळ पाच-दोन लिहिलं आणि औरंगपुऱ्यात नेऊन मला तीन इंची टाचेचे सँडल घेऊन दिले. मला हे स्थळ हवं होतं. मुलगा शेंद्र्याला कारखान्यात होता आणि माझी शाळेतली नोकरी लग्नानंतरही चालू ठेवा म्हणत होता. असं म्हणणारा तो पहिलाच.

सँडल चावायला लागले. पट्टा सैल करायला कोपऱ्यावरच्या मोची चाचांकडं गेले, तर ते टाच बोटानं वाजवून हसले. "बेटी, ये तो पहले मर्दां पहनते थे. घोडे पो बैठे तो रकाब में पाँव अटकना ना!" रिकिबीत पाय अडकावा म्हणून म्हणे आधी पुरुषच टाचा घालायचे. मला कुठलं हसू येतंय!

घरात बघण्याचा कार्यक्रम ठेवला तर अनवाणी वावरावं लागणार, म्हणून आईनं डोकं लढवून क्रांती चौकातलं हॉटेल ठरवलं. निऱ्या टाचेच्या मापानं खाली सोडल्या. टेबलाखाली माझे पाय सारखे चुळबुळत होते. चहा झाला, मुलगा नीट बोलला, आता उठायचं, एवढ्यात त्याची मावशी म्हणाली, "चला, बाजूच्या देवळात पाया पडून येऊ." अरे देवा!

पायरीशी सँडल काढले आणि निऱ्यांचा ढीग पायात आला. दुसऱ्याच पायरीला अडखळले. मावशीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अगं बाई, पोरगी तर लई बुटकी! फसवलं की आम्हाला." आई मान खाली घालून उभी. मला ते बघवेना.

मुलगा बूट काढून शेजारीच उभा होता, कळसाकडं बघत. मघाशी हॉटेलातनं येताना मी त्याच्या खांद्याला लागत होते. आत्ताही खांद्यालाच लागत होते! मी खाली उतरून त्याचा बूट उचलला. टाच जाड, आत आणखी गादी.

"मावशी, हे पण मोजा की!"

तो लालबुंद झाला आणि माझ्या हातातला बूट ओढून घेऊन घालायला लागला.

स्थळ गेलं. रिक्षात मी रडले, अगदी हुंदके देऊन. घरी दारात चपला काढताना आई म्हणाली,

"त्याची टाच किती होती गं?"

"तीन इंच तरी."

"म्हंजे आपल्याइतकीच," आई म्हणाली. "मग मी मान घालून उभी होते, तवा त्यानं तोंड का नाय उघडलं?"