पान थ्री

बोरसे सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी राउंडवर होतो. "बरं," एवढंच म्हणालो आणि पुढच्या पेशंटचं ब्लडप्रेशर उगाचच तीनदा मोजलं… महिना झाला, आता लिहायला बसलोय.

नव्वदच्या दशकात सुरतेतल्या एका इस्पितळात मी सरांच्या हाताखाली शिकत होतो. सर धुळ्याकडचे, रागावले की अहिराणीत शिरायचे. मी आडनावाने मराठी, पण गुजराती शाळेत शिकलेला. माझ्या मराठीला सर 'कच्ची भाकर' म्हणायचे. हे हसण्यावारी जायचं, पण एकदा ते एका माणसाच्या जिवावर बेतलं.

सुरतेच्या भेस्तान भागातला, मूळचा धुळ्याकडचा एक तरुण लूम कामगार आयसीयूत बेशुद्ध होता. ताप हटेना, रक्तातल्या सगळ्याच पेशी घसरत चाललेल्या, तीन अँटिबायोटिक्स वाया गेलेली. त्याची आई मला म्हणाली होती, "त्याले पानथरी शे." मी सवयींच्या रकान्यात नोंदलं: पान, थ्री, रोज. मग त्याचं तोंड तपासलं आणि खाली लिहिलं: तरीही दात उत्तम. पोट मात्र घाईघाईत चाचपलं.

सरांनी ते वाचलं. आधी खो खो हसले, मग थेट पेशंटच्या खाटेकडे वळले. "अरे गाढवा, पानथरी म्हणजे वाढलेली प्लीहा!" त्यांनी पोटावर हात ठेवला, ती बेंबीपर्यंत आली होती. त्याच दुपारी त्याच्या हाडातली मज्जा काढून तपासली. मायक्रोस्कोपखाली रक्षक पेशीच लाल पेशी गिळत बसल्या होत्या. जंतूंशी लढायला उठलेलं शरीर स्वतःलाच खात होतं. उपाय स्टेरॉइडचा, पण आत जंतू दबा धरून असले तर तोच घात करणार. सर आईपुढे उकिडवे बसले.

"माय, औषध उलटंबी पडी शकस. देऊ का?"

"तूच डॉक्टर शेस ना, भाऊ? दे."

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. तो बोलायला लागल्यावर मी माफी मागायला गेलो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेब, मी त सुपारीबी खात नही."

पुढे प्रत्येक बॅचला सर हा किस्सा सांगायचे; फक्त 'मी एकदा पान थ्री लिहिलं' असं म्हणून. मी मागच्या बाकावर सगळ्यांबरोबर हसायचो. एकदाही तोंड उघडलं नाही, याची आज लाज वाटते.

शोकसभेत एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तोच किस्सा सांगितला. माणसं डोळे पुसता पुसता हसली. "एवढे मोठे डॉक्टर, पण स्वतःची चूक किती मोकळेपणाने सांगायचे!" त्या म्हणाल्या.

मी उठलो.

"बाई," मी म्हटलं, "ते मी लिहिलं होतं."